काना-मात्रेचा फरक

सोमवार, ४ ऑगस्ट.
पहाटे साडेपाचला उठले. सासूबाईंचा गुडघा सुजला आहे, मिठाच्या पाण्याचा शेक दिला. आठला ठाण्यावर. साडेदहाला साहेबांबरोबर टेकडीवरच्या बंगल्यात. साहेब खाली दिवाणखान्यात बसले. मी वर गेले. गच्चीपर्यंत सतरा पायऱ्या. हिरवे लोखंडी दार, कडी बाहेरून व फार वर. बादली उपडी घालून चढले, कडी काढली. बाई आत होती. जिवंत. तिने आधी विचारले, आजींचे औषध कुणी दिले का. दोनला परत. डबा न उघडताच घरी आणला. मुलीच्या वह्यांना कव्हरे घातली. कपाटाची किल्ली सापडली. पिठाच्या डब्यात होती.

ही नोंद लिहिली तेव्हा मोतीबाईला पोलिसात सोळा वर्षे झाली होती आणि रोजनिशी लिहायला त्याहूनही जास्त. रोजनिशीची सवय कॉन्व्हेंटमधली. वडील तिथे माळी, म्हणून तिला शाळा फुकट. शाळेतल्या म्हाताऱ्या सिस्टर रोज संध्याकाळी मुलींकडून अर्धे पान लिहून घेत. त्यांचा नियम एकच. घडले तेवढे लिहा, वाटले ते लिहू नका. "काय वाटलं ते देवाला ठाऊक असतं," त्या म्हणत, "त्याला कळवत बसू नका." अक्षर वाकडे आले तर पट्टी बोटांच्या पेरांवर पडे. मोतीबाईच्या पेरांवर पहिली दोन वर्षे पडली, पुढे कधी पडली नाही. असे अक्षर झाले की छापखान्याने खाली मान घालावी.

मोतीबाई हे तिचे नाव नव्हे. अक्षर मोत्यासारखे म्हणून ठाण्यातल्या लोकांनी ते पाडले. समोर मोतीबाई, पाठ फिरली की मोत्या. ठाण्याच्या आवारात एक तांबडे भटके कुत्रे पडून असायचे, त्याचेही नाव मोत्याच होते. कुणीतरी "मोत्या, यू यू" करायचे, कुत्र्याबरोबर हिची मान वर व्हायची आणि सगळे पोट धरून हसायचे. पहिल्या वर्षी तिला रडू येई. दुसऱ्या वर्षापासून राग यायला लागला आणि तो तिने नीट सांभाळला, घडी मोडू न देता.

राग येण्यासारखे पुष्कळ होते. ठाणे बांधणाऱ्याच्या डोक्यात पोलिस म्हणजे पुरुष हे इतके पक्के बसले होते की बाईमाणसासाठी संडास ठेवायचे त्याला सुचलेच नव्हते. समोरच्या गल्लीतल्या शिंपिणीच्या घरी जावे लागे, तेही तिला तोंड भरून हसून, "येऊ का जरा?" असे विचारून. आठ तासांत एक पेला पाणी, हा मोतीबाईचा हिशेब. गणवेश पुरुषी मापाचा. खांदे कोपरापर्यंत यायचे. घरी सासूबाई होत्याच. "एका हातात दंडुका, एका हातात लाटणं. पोळी करतेस की चोर बडवतेस, कळतच नाही मला."

पोलिसात ती गेली ते प्रश्न विचारायच्या खोडीपायी. सिस्टर एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "इतके प्रश्न विचारणाऱ्या मुलीला जगात दोनच जागा. चौकशीची खिडकी, नाहीतर पोलिस." खिडकीत बसून उत्तरे द्यावी लागतात, हे मोतीबाईच्या लक्षात आले. ती मैदानावर धावली, दोरावर चढली, टाचा जोडून पाच फूट भरली, आणि गावातल्या पहिल्या चार बायकांबरोबर भरती झाली.

पहिल्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी विचारले, "चहा येतो ना?"

"नाही येत, साहेब."

"बाई असून चहा येत नाही?"

"नाही."

हे तिचे आयुष्यातले पहिले धडधडीत खोटे.

"मग येतं तरी काय?"

"लिहिता येतं."

इथे तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तिला कागद दिला, दोन ओळी लिहून घेतल्या आणि भिंतीलगतच्या टेबलाशी बसवले. त्या टेबलावरून ती सोळा वर्षे उठली नाही. म्हणजे उठायची, बाईची झडती घ्यायला, रडणाऱ्या बाईजवळ बसायला, वेड लागलेल्या बाईला दवाखान्यात पोचवायला. जायची, बघायची, विचारायची, शोधून काढायची आणि परत येऊन टेबलाशी बसून लिहायची. पण लिहायचे साहेबांच्या नावाने. 'मी घटनास्थळी गेलो. मी चौकशी केली. मी आरोपीस ताब्यात घेतले.' हा 'मी' म्हणजे खुर्चीतले साहेब. खाली सही साहेबांची. आणि जी खरोखर गेली होती, ती त्याच कागदात शेवटी कुठेतरी यायची: 'सोबत एक महिला शिपाई.' ना नाव, ना पट्ट्यावरचा नंबर. आपणच आपल्याला वळणदार अक्षरात 'सोबत एक' करून टाकायचे. तीन साहेब बदलले. 'मी' तोच राहिला.

बढतीच्या मुलाखतीला ती चार वेळा बसली. दर वेळी तोच प्रश्न. "तुमच्या नावावर तपास किती?" दर वेळी उत्तर ओठांवर यायचे की तुमच्या कपाटात आहेत, साहेबांच्या नावावर, अक्षर ओळखा. पण ती म्हणायची, "एकही नाही, साहेब." आणि घरी येऊन लिहायची: 'मुलाखत झाली. बाजारातून साबण आणला.'

टेकडीवरच्या बंगल्याचे प्रकरण असेच सुरू झाले. दवाखान्यात झाडू मारणारी एक बाई ठाण्यावर आली. तिची बहीण त्या बंगल्यात मालकाच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचे बघायची. बारा दिवस तिचा पत्ता नव्हता. मालक म्हणे, "काम सोडून गेली."

साहेब हसले. "गेली असेल कुणाचा तरी हात धरून."

"साहेब, ती अडतीस वर्षांची आहे. तिचे गुडघे दुखतात."

"मग हात धरायलाच पाहिजे की."

टेबले बडवून हसणे झाले. बाई निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. चौथ्या दिवशी मोतीबाईने साहेबांना न विचारताच तिला समोर बसवले आणि तक्रार कागदावर उतरवून क्रमांक घातला. एकदा क्रमांक पडला की कागद गिळता येत नाही. साहेब संतापले, मालकाच्या घरी त्यांचे जाणे-येणे होते. तरी जावे लागले. बाईमाणसाच्या खोल्या बघायच्या तर बाई पोलिस हवी, म्हणून मोतीबाई सोबत.

मालकाने साहेबांना दिवाणखान्यात बसवले, पंखा लावला, सरबत मागवले. साहेबांनी पायावर पाय टाकला आणि मोतीबाईला मानेने खूण केली, ये बघून. ती वर गेली. सतरा पायऱ्या. पुढे काय झाले ते तिने त्या दिवशी लिहून ठेवलेच आहे. दार उघडले तेव्हा उन्हाने तापलेल्या त्या पत्र्याच्या खोलीत ती बाई भिंतीला टेकून बसली होती. आई आजारी आहे, गावी जाते, असे म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. म्हातारीचे कोण करणार, म्हणून मालकाने तिला कामापुरते खाली आणायचे आणि काम झाले की वर कोंडायचे, असे चालवले होते. त्या दिवशी सकाळी तर खाली आणलेच नव्हते. डोळ्यांवर हात धरून तिने पहिला प्रश्न विचारला, "आजींचं दहाचं औषध दिलं का कुणी?"

मोतीबाईला त्या क्षणी काय वाटले ते देवाला ठाऊक. तिने बाईला हात दिला आणि सतरा पायऱ्या उतरवून दिवाणखान्यातून, साहेबांच्या सरबताच्या पेल्यासमोरून, बाहेर नेले. फाटकाशी बहीण होती, शेजारी जमले होते, त्यात एक वर्तमानपत्रवाला होता. साहेबांनी वारा ओळखला. पेला ठेवून बाहेर आले आणि मालकाच्या दंडाला धरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो छापून आला.

अहवाल अर्थातच मोतीबाईने लिहिला. सात पाने. साहेबांनी एकच ओळ कापायला लावली, औषधाची. "हे कशाला? नाटक वाटतं." ती ओळ गेली, पानाची नक्कल पुन्हा झाली, साहेबांनी न वाचता सही केली.

सात महिन्यांनी खटला उभा राहिला. स्वतःच्या साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी तिला खोलीत बोलावले, दार लावून घेतले. समोर अहवालाची ठाण्यातली प्रत.

"मोतीबाई, बसा." साहेबांचे काम असले की 'तुम्ही', नसले की 'तू'. "जरा उजळणी घ्या माझी. पायऱ्या किती?"

"सतरा."

"दार?"

"लोखंडी. हिरवा रंग. खालून गंजलेलं."

"एवढं सगळं कशाला लिहिता हो तुम्ही? पाठ करताना माणूस मरतो. आणि ही बादली कुठून आली?"

"गच्चीवर होती."

"अहो, मी सहा फूट उंच. मला बादली कशाला लागते?"

"मला लागली, साहेब."

साहेबांनी एकदम वर पाहिले. मोतीबाईने प्रत आपल्याकडे ओढली आणि ती ओळ वाचली. 'कडी दाराच्या माथ्याला, सुमारे सात फुटांवर असल्याने मी बादली उपडी घालून तिच्यावर चढले व कडी काढली.'

चढले.

मराठी मोठी गमतीची भाषा आहे. 'मी पाहिले', 'मी उघडले' यात बाई की बुवा ते कळत नाही. तिथवर भाषा साहेबांना सांभाळून घेते. पण माणूस हलला, गेला, आला, चढला, उतरला की लगेच चहाडी करते. सात पानांत अशी नऊ ठिकाणे होती. आठ ठिकाणी मोतीबाईने 'गेलो', 'उतरलो', 'थांबलो' असे चोख पुरुष उभे केले होते. नवव्या ठिकाणी एक काना राहिला होता. बादलीवर चढताना तिचा हात तिच्याच बाजूने गेला होता.

"मग त्यात काय, मारा एक काना," साहेब म्हणाले.

"मूळ प्रत कोर्टात आहे."

साहेब थोडा वेळ टेबलावर बोटे वाजवत राहिले. मग 'तू'वर आले.

"हे बघ. विचारलंच कुणी, तर लिहिणारीची चूक. उद्या तूही साक्षीला आहेस, अक्षर ओळखायला. उभी राहा, 'हात गेला साहेब' म्हण, सुट. आणि शहाणपणा सुचत असेल तर एक ध्यानात ठेव. सबंध कागद कुणाच्या अक्षरात आहे? माझ्या? मी फक्त सही केलीय. खोटा कागद करणाऱ्याला काय होतं ते तूच लिहितेस की रोज."

ते खरे होते. म्हणून तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी तिने सांगितले तेव्हा यजमान डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. भला माणूस, पण भल्या माणसांना भांडण नको असते. "चूक म्हणून सांगून टाक ना," ते म्हणाले. "एका कान्याचा तर प्रश्न."

"अहो, घड्याळाच्या चाकाला एक दाता कमी असला तर?"

"तर वेळ चुकते."

"इथं सोळा वर्षं चुकतेय. आणि रोज सकाळी मीच किल्ली देतेय."

सासूबाई पलंगावरून बोलल्या. "गप 'चुकलं' म्हण आणि मोकळी हो. नोकरी गेली तर येऊन बसशील माझ्या डोक्यावर. आम्ही जन्मभर न केलेल्या चुकांना चुकलं म्हणत आलो. जीभ झिजली नाही आमची."

"झिजली, सासूबाई. म्हणूनच एवढी धार आलीय."

यजमान भिंगामागे हसले. सासूबाईही हसल्या असत्या, पण मग त्या सासूबाई कसल्या. मोतीबाई मात्र हसली नाही. ती हिशेब करत होती. साहेबांना उद्या गच्ची सांगता येणार नाही. बंद दार पाहिलेला माणूसच कागदात नसेल, तर बंद दारही उरणार नाही. मालक सुटेल. आणि ती बाई सगळ्या गावात मालकावर आळ घेणारी म्हणून राहील. 'हात गेला' एवढे दोन शब्द, त्यांच्यात हे सगळे होते. दुसऱ्या पारड्यात नोकरी. सकाळी निघताना तिने कपाटातून गेल्या वर्षीची रोजनिशी काढली आणि पिशवीत टाकली. वापरीन, असे तिने ठरवले नव्हते. न्यायची एवढेच ठरवले होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदारांचे बाक होते. आत काय चालते ते बाहेर कळत नाही, हसणे तेवढे कळते. साडेअकराला आत एकदा हशा झाला. थोड्या वेळाने पुन्हा, जास्त मोठा. कोर्टाचा पट्टेवाला तोंडावर रुमाल धरून बाहेर आला.

"बाई, तुमच्या साहेबांची आज बाई झाली!"

"काय?"

"अहो, बचावाचे वकील विचारतात, उंची किती? साहेब छाती काढून म्हणतात, सहा फूट. मग बादली कशाला? तर म्हणे कडी गंजली होती, जोर लावायला चढलो. वकील म्हणतात, चढलो? इथे तर 'चढले' आहे. बादलीवर पाय ठेवल्याबरोबर आपली बाई झाली, काय चमत्कारिक बादली आहे हो! ती कोर्टात हजर करा!" त्याला पुन्हा हसू आले. "न्यायाधीशसुद्धा हसले बघा."

"आणि मालक?"

"तो तर सगळ्यात जास्त."

मोतीबाईने पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. तेवढ्यात तिचा पुकारा झाला.

आत अजून हसण्याची ऊब होती. साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा. मालक स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, मजेत. मागच्या बाकावर ती बाई आणि तिची झाडूवाली बहीण हातात हात घालून बसल्या होत्या. त्या दोघींना मात्र कुणाचा विनोद कळलेला दिसत नव्हता.

वकिलांनी सातवे पान पुढे केले. "हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"फार सुंदर आहे. या ओळीत तुम्ही 'चढले' लिहिलंय. ही तुमच्या हातून झालेली चूक, असंच ना?"

वकील निर्धास्त होते. ती 'हो' म्हणाली तर कागदात चुका आहेत, 'नाही' म्हणाली तर कागद खोटा आहे. साहेबांनी तिच्याकडे पाहिले आणि पापणी हलवली. हात गेला, म्हण.

"नाही," मोतीबाई म्हणाली. "चूक दुसऱ्या आठ ठिकाणी आहे. तेवढा एकच शब्द बरोबर आहे."

या वेळी कुणी हसले नाही.

न्यायाधीशांनी पेन ठेवले. "म्हणजे काय, बाई?"

"बादलीवर मी चढले, साहेब. कडी मी काढली. आमचे साहेब खाली दिवाणखान्यात होते."

"खाली काय करत होते?"

"सरबत घेत होते."

"हा कागद खोटा आहे असं तुम्ही म्हणता, आणि तो तुम्हीच लिहिलाय. याचा परिणाम माहीत आहे?"

"आहे. सोळा वर्षांचे सगळे असेच आहेत. जी जाते तिचं नाव लिहायचं नाही, ही ठाण्याची रीत. मीही ती मोडली नाही. माझा गुन्हा मी नाकारत नाही. पण दार बंद होतं. कडी बाहेरून होती. आत ही बाई होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि बघणारी मी एकटी आहे."

आवाज चढला होता. तिला तो खाली आणता आला असता. तिने आणला नाही.

वकील सावरले. "आज सांगायला काय जातं! त्या दिवशी लिहिलेलं आहे काही? सहीचं, शिक्क्याचं?"

"सहीचं-शिक्क्याचं नाही. माझं आहे." तिने पिशवीतून रोजनिशी काढून ४ ऑगस्टचे पान उघडले.

वकिलांनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! घरची वही! सासूबाईंचा गुडघा आहे, मुलीच्या वह्यांची कव्हरं आहेत. कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात सापडली, हेसुद्धा आहे. हा पुरावा म्हणायचा?"

"आणा इकडे," न्यायाधीश म्हणाले.

त्यांनी चष्मा बदलला. एकदा वाचले. मग स्वतःच्या टिपणाची मागची पाने उलटून काहीतरी शोधले, आणि पुन्हा वहीवर बोट ठेवून वाचले.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "काल त्या मागच्या बाकावरच्या बाईची साक्ष झाली तेव्हा ती म्हणाली होती, दार उघडल्यावर मी आधी आजींच्या औषधाचं विचारलं. तुम्ही तिला खोटं पाडलंत. तुमचं म्हणणं, असं काही अहवालात नाही."

"होय. नाहीच आहे."

"या वहीत आहे." ते मोतीबाईकडे वळले. "काल तुम्ही कोर्टात होता?"

"नाही. ठाण्यावर होते. साहेबांची उजळणी घेत होते."

मागच्या बाकावरून पहिल्यांदाच आवाज आला. ती बाई रडत नव्हती, मोठ्याने, रागाने, सगळ्या कोर्टाला सांगत होती, "मी विचारलं होतं! मी काल सांगितलं ना, विचारलं होतं!" पट्टेवाल्याने तिला गप्प करायला हात उचलला आणि मग तसाच खाली घेतला.

"आणि किल्लीचं म्हणाल," न्यायाधीश वही मिटता मिटता म्हणाले, "तर तीही सापडलीच असेल."

त्यांनी मोतीबाईची साक्ष पुन्हा पहिल्यापासून, तिच्या नावाने, तिच्या नंबराने लिहून घेतली. पायऱ्या, रंग, कडी, बादली. या खेपेला लिहिणारा दुसरा होता आणि सांगणारी ती. प्रत्येक क्रियापदाला जिथल्या तिथे ठेवून ती बोलली. गेले. चढले. उतरले.

कोर्टाच्या पायरीवर साहेबांनी तिला गाठले. "उद्यापासून येऊ नकोस. पत्र घरी येईल. जन्माची अद्दल घडवतो तुला."

"लिहिणार कोण?" मोतीबाई म्हणाली.

"काय?"

"पत्र. लिहिणार कोण, साहेब?"

आणि ती चालू लागली.

पुढचे सांगायचे तर मालकाला शिक्षा झाली, हवी त्यापेक्षा कमी. खोटा अहवाल लिहिल्याबद्दल मोतीबाई पाच महिने निलंबित होती. बढतीच्या यादीतून तिचे नाव कायमचे खोडले गेले आणि जप्तीच्या मालाच्या तळघरात तिची बदली झाली. साहेबांना ताकीद मिळाली, कारण त्यांनी फक्त सही केली होती. दोन वर्षांनी ते वरच्या जागेवर गेले आणि हार-तुरे घेऊन निवृत्त झाले. त्या समारंभाचे आमंत्रण मोतीबाईने फाडले नाही, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर वाण्याची यादी केली. तळघरात तिने आणखी अठरा वर्षे काढली. दुसऱ्याचा 'मी' पुन्हा लिहिला नाही. नव्या भरतीच्या मुली यायच्या, कुणी टाइप करणाऱ्या, कुणी चांगल्या अक्षराच्या, त्यांना ती एवढेच सांगायची, "चहा करा हवं तर. पण दुसऱ्याचा कागद लिहू नका." काही ऐकायच्या, काही नाही. संडास बांधला गेला तो तिच्या निवृत्तीनंतर एका वर्षाने. त्याचा राग तिला म्हातारपणीही होता, यजमान गेल्यावरही, आणि कुणी "जाऊ द्या आता" म्हणाले की जास्तच यायचा.

पण त्या संध्याकाळी यातले काही माहीत नव्हते. ती घरी आली, चपला काढल्या. सासूबाईंनी पलंगावरून विचारले, "म्हणालीस का चुकलं?"

"नाही."

"वाटलंच. मग आता उद्या काय?"

"उद्याही जाणार. पत्र हातात पडेपर्यंत मी पोलिस आहे."

"तर मग तो सदरा काढून दे इकडे. खिसा लोंबतोय. तसं ध्यान घेऊन जाऊ नकोस त्या मेल्यांसमोर."

"मी शिवते, सासूबाई. तुम्हाला दिसत नाही."

"दिसतं मला सगळं," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

मोतीबाईने दिवा ओढून घेतला, सदरा शिवला, घडी घालून खुर्चीवर ठेवला. मग नवी रोजनिशी उघडली.

गुरुवार, १२ मार्च.
दहाला कोर्ट. साक्ष झाली. साडेचारला घरी. सासूबाईंच्या गुडघ्याला आज उतार. गणवेशाचा डावा खिसा शिवला, बटण घट्ट केले. खाकी दोरा संपला.